मांडीवरची रायफल

शालनताईंचं पत्र आलं त्या दुपारी मी वाचनालयात फाटक्या पुस्तकांच्या पाठीला खळ लावत बसलो होतो. पोस्टमननं ते टेबलावर ठेवलं. पाकिटाच्या मागं 'शालन माने, बेळगाव' असं दिसलं आणि बोटांना लागलेली खळ पुसायचं मी विसरूनच गेलो. पत्राच्या कोपऱ्यावर तिचा डाग अजून आहे.

पत्र लांब नव्हतं. शेवटी एक प्रश्न होता. 'त्या दिवशी कचेरीत आबांना रायफल खरोखरच ओळखता आली नव्हती, की ओळखूनही ते नाही म्हणाले? तुम्ही तिथं होता, म्हणून विचारते. मी त्यांची मुलगी आहे. मला कळायला हवं.'

मी उत्तर लिहायला बसलोच नाही असं नाही. मायना लिहायचो, तब्येतीची विचारपूस करायचो आणि तिथंच थांबायचो. उत्तर मला ठाऊक नव्हतं. एखाद्या सकाळी ते ठाऊक आहे असं वाटायचं, आणि दुपारपर्यंत वाटू लागायचं की हे आपणच रचलेलं असणार. आयुष्य पुस्तकांत गेलेल्या माणसाचं असं होतं. आपण पाहिलेलं कुठलं आणि वाचलेलं कुठलं, हे हळूहळू एकमेकांत मिसळत जातं.

हिरडशीत तर ते मिसळायला वेळ लागत नसे. सड्याच्या, उघड्या खडकाळ पठाराच्या काठावरचं ते लहानसं गाव, एके काळचं संस्थान. थंडीत ऊन वर येईपर्यंत सगळीकडे धुकं असायचं. मग मामलेदार कचेरीची कौलं, शाळेची घंटा, बाजारातलं पिंपळाचं झाड असं एकेक त्यातून वर यायचं, आणि संध्याकाळी पुन्हा त्यातच बुडायचं. मी तेव्हा तिशीच्या आतला होतो, एकटा होतो, आणि वाचनालयात ग्रंथपाल होतो. बोलताना अडखळायचो. वाचताना मात्र नाही. म्हणूनच बहुधा आबासाहेब इंगवल्यांनी मला बोलावणं धाडलं.

आबासाहेब संस्थानच्या शिकारखान्याचे प्रमुख होते. माझी त्यांची ओळख झाली तोवर संस्थान विलीन होऊन गेलं होतं आणि त्यांचे डोळेही गेले होते. उंच, ताठ, पांढऱ्या गलमिश्यांचा माणूस खिडकीशी आरामखुर्चीत बसलेला असायचा.

"काय वाचू, आबासाहेब?" पहिल्या दिवशी मी विचारलं. "शिकारीवरची दोन-तीन चांगली पुस्तकं आहेत आपल्याकडे."

"छ्या! शिकारीचं मला कशाला वाचून दाखवता, पंत? लिहिणारे सगळे थापा मारतात. वाघ कुठनं उडी घेणार ते मला आधीच कळतं. समुद्राचं काही आहे का?"

"समुद्राचं?"

"मी समुद्र पाहिला नाही. डोळे होते तेव्हा जंगलातनं सवड झाली नाही. आता सवडच सवड आहे."

तेव्हापासून दर गुरुवारी दिवेलागणीला मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. गलबतांची, वादळांची, बेटांवर अडकलेल्या खलाशांची पुस्तकं आम्ही एकामागून एक वाचली. शालनताई कॉफी आणून ठेवायच्या आणि दाराआड उभ्या राहून ऐकायच्या. त्या तेव्हा विशीतल्या होत्या. ओसरीच्या कडेला मायाप्पा धनगर घोंगडी पसरून बसायचा. तो आबांचा शिकारीतला जुना सोबती. एकदा आबा कड्यावरून घसरून पाय मोडून पडले, तेव्हा त्यानं त्यांना पाठीवर घेऊन दरीतून वर आणलं होतं. आबा ते सांगायचे तेव्हा तो खाली बघून घोंगडीचे धागे उपटत राहायचा.

"सायेब," त्यानं एकदा मला मधेच अडवलं, "त्या समिंदरात मेंढरं पानी पित्यात का?"

"नाही रे, खारं असतं ते."

"मग येवढं कशाला करून ठिवलंय?"

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेवढ्यात त्यांचा मुलगा जयसिंगराव बाहेरून आला. चिखलाचे बूट काढता काढता म्हणाला, "काय आपटीकर, आज कुठल्या समुद्रात बुडवलंत आबांना?" तो रुबाबदार होता, चटकन रागवायचा आणि चटकन हसायचा. एकदा पावसात मी छत्री विसरून निघालो, तर ती घेऊन तो नाक्यापर्यंत माझ्या मागं धावत आला होता.

आबांच्या मांडीवर रायफल असायची. मला बंदुकांची भीती वाटते, त्यामुळे मी ती कधी नीट पाहिलीच नाही. मी पुस्तकात पाहायचो. ती बोल्टची रायफल होती. बोल्ट म्हणजे दाराच्या कोयंड्यासारखी एक पोलादी दांडी. तिची मूठ वर उचलून मागं ओढली की रायफल उघडते, पुढं ढकलून मूठ खाली पाडली की मिटते. मी पान उलटलं की आबा बोल्ट उघडून मिटायचे. उघडताना एक लांब खर्र. मिटताना ठक्. आणि मग, कुणी मागाहून येऊन उंबऱ्यावर पाऊल ठेवावं तसा अगदी बारीक टक्. पुढं पुढं मलाही त्याची सवय झाली. तो दुसरा आवाज आल्याशिवाय मी नवं पान सुरू करत नसे. धुकं खिडकीशी येऊन थांबलेलं, दिव्याची वात मंद, गलबत कुठल्याशा बेटाला वळसा घालतंय, आणि मधूनच ठक्, टक्. कधी कधी तो आवाज गलबताच्या सुकाणूचाच आहे असं वाटायचं.

"तो मागचा आवाज ऐकलात?" आबांनी एकदा विचारलं. "ती हिची खोड नव्हे, सवतीची आहे."

"म्हणजे?"

"अहो, महाराजांकडे अशा दोन होत्या, जुळ्या बहिणी. खंडेनवमीला शस्त्रं देवीपुढं मांडायची ती बोल्ट काढून. देवीसमोर मिटलेली रायफल ठेवायची नाही, असा रिवाज होता आमच्यात. दोन्ही बोल्ट एकाच ताम्हनात. वर कुंकू, झेंडूची फुलं, अक्षता. पूजा झाल्यावर भटजींनी बोल्ट महाराजांच्या हातात दिले, महाराजांनी आमच्या. झाली अदलाबदल! एका मांडवात दोन लग्नं आणि अंतरपाटाखाली नवऱ्या मुली बदलल्या."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"महाराजांनी स्वतःच्या हातानं दिलेला बोल्ट चुकीचा आहे म्हणायचं कुणी? बसत होता, मिटत होता, बार निघत होता. फक्त दार लावलं की मागनं एकदा बोलते. बोलू दे की. नांदली ना जन्मभर?"

संस्थान गेलं तेव्हा महाराजांनी ती रायफल त्यांनाच देऊन टाकली. जुळी कुठल्या पाहुण्यांकडे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आबांनी तिचा परवाना कधी काढला नाही. परवान्याची होती ती भिंतीवरची दुनळी. ही त्यांच्या लेखी बंदूक नव्हतीच. सरकारदरबारी तिचा कुठं उल्लेख नव्हता.

मार्गशीर्षात हावेरी नावाचा कोळशाचा ठेकेदार सड्यावरच्या वाटेत मरून पडलेला सापडला. छातीत रायफलची गोळी. इंगवल्यांच्या रानातल्या झाडांवरून त्याचं आणि जयसिंगरावाचं भर बाजारात भांडण झालं होतं, ते सगळ्यांनी ऐकलेलं होतं. त्याच आठवड्यात गुरुवारी मी वाचायला गेलो तर आबांची मांडी रिकामी होती. वर शाल पांघरलेली. मी काही विचारलं नाही. मी कधीच कुणाला काही विचारत नसे. पण पान उलटलं की त्यांचा उजवा हात आपोआप उठायचा, हवेतच काहीतरी उचलायचा, ओढायचा, पुढं ढकलून खाली पाडायचा. शालनताई कॉफी ठेवून लगेच आत गेल्या.

मग पोलिसांनी मायाप्पाच्या खोपटात गवताच्या पेंढ्यांतून रायफल काढली. नळीवरचा आकडा कानशीनं घासून टाकलेला होता. मायाप्पाला धरलं. तो म्हणाला, "धाकल्या सरकारांनी ठेवाय दिली. का म्हून म्या इचारलं न्हाई." जयसिंगराव म्हणाला, आमच्या घरात परवान्याच्या दुनळीशिवाय काही नव्हतंच, मायाप्पा सड्यावर चोरून सांबरं मारतो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. गावानंही मान डोलावली. मायाप्पा फासावर जाणार, असं लोक कांद्याचा भाव सांगावा तसं बोलू लागले.

फौजदार कोरगावकर वाचनालयात आले. टोपी काढून त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

"तुम्ही दर गुरुवारी इंगवल्यांकडे जाता."

"हो."

"म्हाताऱ्याच्या मांडीवर काय असायचं?"

"बंदूक."

"कुठली?"

"मी... नीट पाहिली नाही."

"इतके दिवस समोर बसलात आणि पाहिली नाही?"

"मी पुस्तकात पाहत होतो."

त्यांनी टेबलावरची टोपी उचलली. "तो धनगर सारखा म्हणतोय, पुस्तकवाल्या सायबांना विचारा. आता बघा आपटीकर, ही रायफल त्या घरातली असली तर धनगर खरं बोलतोय. नसली तर खोटं बोलतोय, आणि मग त्याला सुटका नाही. कागद नाही, आकडा नाही. आबासाहेबांना मी ओळखायला बोलावलंय. तुम्हीही या."

आदल्या संध्याकाळी मी वाचनालय बंद करत होतो, तेव्हा जयसिंगराव आला. खिडक्या लावायला त्यानं मला मदत केली. शेवटच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला, "आपटीकर, एक सांगू? उद्या उगाच ठामपणे काही बोलू नका. तुम्हाला स्वतःच्या बोलण्याची कधी खात्री असते का?"

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

"मग झालं तर," तो म्हणाला. त्याचा आवाज जवळजवळ मायेचा होता.

कचेरीच्या ओसरीवर सकाळी धुकं इतकं होतं की आवारातली इंगवल्यांची गाडी नुसती सावलीसारखी दिसत होती. शालनताई गाडीतच बसून राहिल्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. पण त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि त्या घरच्या बायका कचेरीची पायरी चढत नसत. ओसरीच्या एका टोकाला मायाप्पा हातकड्या घालून उकिडवा बसला होता. मला बघून त्यानं मान वर केली.

"सायेब, त्या गलबताचं काय झालं? लागलं का काठाला?"

"अजून नाही, मायाप्पा."

"लागलं म्हंजी सांगा बरं का मला."

मला तिथं उभं राहवेना. मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि खिडकीखालच्या बाकावर बसलो. खिडकीची दारं लोटलेली होती, पण आतलं बोलणं ऐकू येत होतं. आबांना हवालदारानं धरून आधीच आत नेलं होतं. टेबलावर पाच रायफली मांडल्या आहेत, एक सापडलेली आणि चार तसल्याच, पोलिसांनी जिल्ह्याहून आणलेल्या, असं मामलेदार त्यांना समजावून सांगत होते.

"सावकाश हात लावून बघा, आबासाहेब. घाई नाही."

मग काहीच ऐकू येईना. मधूनच आबांची अंगठी लाकडाला घासल्याचा आवाज. तो टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला, एके जागी थांबला, आणि पुन्हा सरकला. आत माणसं आहेत की धुकंच खिडकीतून आत जाऊन बसलंय, असं मला वाटू लागलं. माझा घसा कोरडा पडला होता. वाचायला सुरुवात करताना खाकरायची मला सवय आहे. तसाच मी खाकरलो.

"रावसाहेब," आतून आबांचा आवाज आला, "परत एकदा बघू का?"

"बघा की."

"या खेपेला उघडून बघतो."

"बघा. रिकाम्याच आहेत."

खर्र, ठक्. एक रायफल मिटली. खर्र, ठक्. दुसरी. मी बाकावर बसून धुक्याकडे बघत होतो. खर्र, ठक्. आणि मग, मागाहून येऊन उंबऱ्यावर कुणीतरी पाऊल ठेवलं.

माझा हात नकळत पान उलटायला उठला. मांडीवर पुस्तक नव्हतं.

आबा थांबले नाहीत. चौथी उघडली, मिटली. पाचवी उघडली, मिटली. मग त्यांचा आवाज आला, नेहमीसारखा ताठ.

"नाही, रावसाहेब. यातली माझी एकही नाही. असली रायफल माझ्या घरात कधी नव्हतीच."

हवालदार त्यांना बाहेर घेऊन आला. जयसिंगराव पायऱ्यांशी उभा होता, तो पुढं झाला आणि त्यानं बापाचा दंड धरला. इतका घट्ट की आबांचा अंगरखा चुरगळला. माझ्या बाकापाशी आबा थांबले.

"पंत, घसा धरलाय का? ज्येष्ठमध ठेवा तोंडात."

आणि पुढं निघून गेले. गाडीच्या सावलीत शिरताना मी त्यांना पाहिलं, आणि मग मला आत बोलावलं.

रायफलींच्या जागा पोलिसांनी मधल्या वेळात बदलल्या होत्या. टेबलावर पाच सारख्या काळ्या-तपकिरी वस्तू पडलेल्या होत्या. मी एकीकडून दुसरीकडे बघत गेलो. मला काहीच कळलं नाही. एखाद्या न येणाऱ्या लिपीतल्या पाच ओळी असाव्यात तसं वाटलं. फौजदारांनी नि:श्वास सोडला.

"रावसाहेब," मी म्हणालो, "मला... म्हणजे, जमणार असेल तर... मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. यांनी एकेक उघडून मिटावी."

"का?"

"ऐकायचं आहे."

"हे पुस्तकंसुद्धा कानानं वाचत असतील," हवालदार म्हणाला. पंचांपैकी एक जण हसला. मामलेदार हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली.

मी भिंतीकडे वळलो आणि डोळे मिटले. चुन्याचा वास येत होता. पहिली मिटली. त्या आवाजाला मागं काही नव्हतं. मला एकदम जयसिंगरावाचा चेहरा दिसला, खिडकी लावताना. दुसरी मिटली. ठक्, टक्. मी काही बोललो नाही. तिसरी, चौथी, पाचवी. मी म्हणालो, परत, जागा बदलून. हवालदार कंटाळल्यासारखा 'हं' म्हणाला. लाकडावर लाकूड सरकलं. या वेळी ती शेवटून दुसरी आली. मी पुन्हा बदलायला सांगितली, खरं तर ती येऊ नये म्हणून. ती पहिलीच आली.

"ही," मी म्हणालो.

मग त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. खंडेनवमी, ताम्हन, बदललेले बोल्ट. मी एवढं सलग कधीच कुणापुढं बोललो नव्हतो. मामलेदार लिहीत होते. पुढं पुण्याहून आलेल्या तज्ज्ञानं ती रायफल खोलली, तर लाकडाखाली नळीवर एक आकडा घासायचा राहिलेला सापडला, आणि बोल्टवरचा आकडा त्याहून निराळा निघाला. बोल्ट तिचा नव्हताच.

मी बाहेर आलो तेव्हा जयसिंगराव ओसरीवर एकटाच होता. आतलं सगळं त्यालाही ऐकू आलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो आश्चर्यानं माझ्याकडे बघत होता, जणू मी एखादी अवघड उडी मारून दाखवली होती.

"म्हणजे एकदा तरी होती म्हणायची खात्री," तो म्हणाला.

गुरुवारी मी पुस्तक घेऊन इंगवल्यांकडे गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. न जाणं जास्त अवघड होतं. जयसिंगरावाला आदल्या दिवशी नेलं होतं. शालनताई दारात आल्या.

"आबांना बरं नाही."

"मी थोडाच वेळ..."

"आपटीकर, नका येऊ आता." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "ते झोपत नाहीत. खुर्चीतच बसून असतात. तुमचं पुस्तक वाचायचं राहिलं, त्याची त्यांना खंत आहे. पण नका येऊ."

निकाल लागायच्या आत आबा गेले. जयसिंगरावाला जन्मठेप झाली. मायाप्पा सुटला आणि मेंढरं घेऊन देशाकडे उतरला, तो हिरडशीत पुन्हा दिसला नाही. काही काळानं मीही बदली मागून घेतली.

मग पुष्कळ वर्षांनी ते पत्र आलं. त्याच्या मधल्या ओळी अशा होत्या: 'दादा गेल्या महिन्यात गेले. सुटून आल्यावर फार बोलत नसत. पण शेवटपर्यंत म्हणत राहिले की सगळं जग फिरलं तरी आबा माझ्या बाजूनं उभे राहिले.'

याच्यावर मी काय लिहिणार होतो? ओळखली नाही असं लिहावं, तर जन्मभर जंगल हातानं चाचपत आलेल्या माणसाचे हात ऐन वेळी आंधळे झाले म्हणायचे. ओळखूनही नाही म्हणाले असं लिहावं, तर ज्यानं पाठीवर घेऊन दरीतून वर आणलं त्यालाच त्यांनी फासाकडे ढकललं म्हणायचं. आणखी एक गोष्ट मला सुचायची. त्यांनी दुसऱ्यांदा रायफली उघडल्या त्या माझ्यासाठी. पण ती फार सुबक होती, पुस्तकातली असते तशी. मी बाहेर बाकावर बसलोय हे त्यांना कुठून कळणार? त्यांना आत नेलं तेव्हा मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मायाप्पापाशी होतो. खिडकी लोटलेली होती. आणि ते आंधळे होते. मी ती गोष्ट पुन्हा पुन्हा परत ठेवून द्यायचो, कुणी चुकीच्या कपाटात लावलेल्या पुस्तकासारखी.

आता माझा एक डोळा जवळपास गेलाच आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यावर पट्टी आली. काही दिवस मी खिडकीशी पलंगावर नुसता पडून होतो. त्या अंधारात काळाचं काही खरं नसायचं. कधी वाटायचं हिरडशीतच आहे, आता कुणीतरी पान उलटेल. एका दुपारी बाहेर जिन्यावर कुणाची तरी चाहूल लागली आणि कुणीतरी खाकरलं.

"या, पेंडसे," मी म्हणालो. "आत या. तिथं का बसलात?"

"अरेच्चा!" खालच्या मजल्यावरचे पेंडसे दारातून म्हणाले. "पट्टीतून दिसतं की काय तुम्हाला?"

मी पट्टीवर हात दाबून धरला. पेंडश्यांना वाटलं मला दुखतंय. ते पाणी घेऊन आले आणि माझ्या उशाशी बसून राहिले.

दोन वर्षं आबांनी दर गुरुवारी वाचन सुरू होण्याआधी माझं ते खाकरणं ऐकलं होतं. ते ऐकलं की त्यांचा हात बोल्टवर जायचा. कचेरीत त्यांनी रायफली नुसत्या हातानं चाचपल्या, अंगठी एके जागी थांबली आणि पुढं सरकली, आणि ते गप्प उभे राहिले. मग खिडकीबाहेर मी खाकरलो. त्यांनी मला विचारलं तेही घशाबद्दलच.

पट्टी निघाल्यावर मी लिहायला बसलो. अक्षर मोठं आणि वाकडं आलं.

'शालनताई, आबांनी रायफल पहिल्या खेपेलाच ओळखली, हात लागताच. मग मी बाहेर बसलोय हे त्यांना कळलं. त्यानंतर त्यांनी पाचही रायफली उघडून मिटल्या, मला ऐकू याव्यात म्हणून. मी आत जाऊन जे सांगितलं ते त्यांनीच मला वाचून दाखवलं होतं. नाही म्हणाले ते जयसिंगरावांसाठी. तेही मनापासूनच म्हणाले. तुमच्या दादांची समजूत चुकीची नव्हती, एवढंच की ती अर्धी होती. हे मला सिद्ध करून दाखवता येणार नाही. पण मला खात्री आहे.'

शेवटचा शब्द खोडायला मी पेन टेकवलं होतं. मग उचललं.

पत्ता जुनाच होता. त्या तिथं असतील का, असतील तर आता पत्र वाचू शकतील का, की कुणी त्यांना वाचून दाखवेल, काहीच कळायला मार्ग नव्हता. नावापुढं सौभाग्यवती लिहावं की श्रीमती, हेही ठरेना. म्हणून नुसतंच शालन माने लिहिलं, पेंडश्यांचा हात धरून जिना उतरलो, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकलं.